गाल सुजलाय, पण दुखत नाही? मग तर आधी दाखवा!

त्र्यंबकेश्वर : जुलै २०१४ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातून एक बातमी निघाली आणि पार परदेशापर्यंत गेली. बुलढाणा जिल्ह्यातल्या खेड्यातल्या एका १७ वर्षांच्या मुलाच्या जबड्यातून डॉक्टरांनी २३२ दात काढले. जवळपास सात तास ऑपरेशन चाललं. आतली गाठ दगडासारखी टणक, ती फोडायला छिन्नी-हातोडी घ्यावी लागली. मोबाईलवर ही बातमी तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचली असेल, पुढे पाठवलीही असेल.

लोकांनी २३२ हा आकडा लक्षात ठेवला. त्याच बातमीत दुसराही एक आकडा होता, १८ महिने. दीड वर्ष त्या पोराचा गाल सुजलेला होता आणि गावाकडच्या डॉक्टरांना हे नेमकं काय आहे ते सांगता येत नव्हतं. हा कॅन्सर तर नसेल, या धास्तीने बापाने शेवटी मुंबई गाठली. कॅन्सर नव्हता. साधी गाठ होती, निघाली, आणि पोराच्या तोंडात त्याचे स्वतःचे २८ दात शिल्लक राहिले.

आपल्या तालुक्यासाठी २३२ पेक्षा हा १८ महिन्यांचा आकडा महत्त्वाचा आहे. मुलांच्या जबड्यातल्या अशा गाठी फार कमी जणांना होतात. बहुतेक जिवावर बेतत नाहीत. पण वेळ गेला की हाड पोखरतं, पक्के दात जातात, चेहरा वाकडा होतो. हे नुकसान रोगापेक्षा उशिरामुळे जास्त होतं. आणि उशीर का होतो, तर गाठ दुखत नाही म्हणून.

दातांचा राब बिघडला तर

आपल्याकडे भाताचा राब कसा असतो ते सांगायला नको. बी नीट पसरलं तर रोप सरळ येतं. एकाच जागी मूठभर सांडलं तर तिथे बारीक रोपांचा गुच्छ उगवतो आणि चांगल्या रोपालाही वर येऊ देत नाही. जबड्याचं थोडंफार तसंच आहे. दुधाचे २० दात वर दिसतात, त्याच वेळी खाली हाडात पक्के दात तयार होत असतात. म्हणजे सहा ते बारा वर्षांच्या मुलाच्या जबड्यात एका वेळी दोन पिकं उभी असतात. दात घडवणाऱ्या पेशींचा तिथे गोंधळ झाला की एका दाताच्या जागी बारीक दातांचा गुच्छ नाहीतर दाताच्याच पदार्थाचा गोळा तयार होतो. डॉक्टर याला ओडोन्टोमा म्हणतात. जे. जे. मधल्या मुलाला हेच होतं.

२०१९ मध्ये चेन्नईच्या सविता दंत महाविद्यालयात सात वर्षांच्या एका मुलाच्या जबड्यातून असेच ५२६ लहान-मोठे दात निघाले. त्याची सूज तीन वर्षांचा असताना पहिल्यांदा दिसली होती. लहान पोर तपासायला तोंड उघडू देईना, म्हणून तपासणी राहून गेली आणि मधली वर्षं निघून गेली. एक खेड्यातला, एक मोठ्या शहरातला. दोघांच्या बाबतीत उशीर झालाच.

ओडोन्टोमा ही त्यातल्या त्यात गरीब गाठ. एकदा नीट काढली की सहसा परत येत नाही. बऱ्याचदा तर सूजही नसते, फक्त एखादा पक्का दात वर यायचा राहतो. पण जबड्यातली प्रत्येक गाठ अशी गरीब नसते.

सगळ्या गाठींना एकच औषध नाही

मुलांच्या जबड्यात कॅन्सर नसलेल्या गाठी अनेक तऱ्हेच्या असतात. नावं अवघड आहेत, पण फरक समजून घेण्यासारखा आहे, कारण उपचार नावावर ठरतो.

डेंटिजेरस सिस्ट : ही पाण्याने भरलेली पिशवी. हाडात अडकलेल्या दाताच्या डोक्याभोवती होते आणि हळूहळू हाड पोकळ करते. लहान मुलात लवकर कळली तर डॉक्टर पिशवीला तोंडाच्या बाजूने खिडकी करून पाणी काढून देतात. दाब कमी झाला की हाड भरून येतं आणि अडकलेला पक्का दात कित्येकदा आपोआप जागेवर येतो. उशीर झाला तर तोच दात काढून टाकावा लागतो.

अमेलोब्लास्टोमा : कॅन्सर नाही, पण हट्टी गाठ. बहुतेक वेळा खालच्या जबड्यात, दाढांच्या मागच्या बाजूला होते. आतल्या आत हाड खात जाते आणि दुखत नाही. नुसती खरवडून काढली तर परत येण्याची भीती मोठी असते. म्हणून मोठ्या माणसांत जबड्याचा तेवढा भाग काढून तिथे पायाच्या पोटरीतलं बारीक हाड बसवतात. मुलांमध्ये हिचा एकाच पिशवीचा प्रकार जास्त दिसतो. त्यात पुष्कळदा जबडा वाचवून उपचार करता येतो, मात्र पुढची अनेक वर्षं तपासणी चुकवून चालत नाही.

फायब्रस डिस्प्लेशिया : इथे हाडाची जागा धाग्यांसारखं मऊ हाड घेतं आणि गालाचा एक भाग फुगत जातो. ते आई-बापाकडून येत नाही आणि कोणाच्या चुकीने होत नाही. वाढीच्या वयात वाढतं, अंगाची वाढ पुरी झाली की बहुतेक थंडावतं. यात घाई करून मोठं ऑपरेशन करण्यापेक्षा लक्ष ठेवणं आणि वाढ थांबल्यावर हाडाला आकार देणं बऱ्याचदा बरं पडतं. नजर किंवा श्वास अडत असेल तर गोष्ट वेगळी. याला विजेचा शेक म्हणजे रेडिएशन देत नाहीत, त्याने पुढे कॅन्सरचा धोका वाढतो.

चेरुबिझम : दोन्ही गाल एकदमच फुगतात. साधारण दोन ते पाच वर्षांच्या वयात सुरू होतं. डब्ल्यू. ए. जोन्स नावाच्या डॉक्टरने १९३३ मध्ये एकाच घरातल्या भावंडांत हे पहिल्यांदा नोंदवलं. हे घराण्यात उतरतं. आई किंवा बाप यांच्यात असेल तर प्रत्येक मुलात येण्याची शक्यता निम्मी. वयात आल्यावर पुष्कळांचं आपोआप ओसरू लागतं.

तान्ह्या बाळाची काळी गाठ : वर्षाच्या आतल्या बाळाच्या वरच्या हिरडीत निळसर-काळी गाठ फुगते. ही फारच दुर्मीळ. बहुतेक वेळा कॅन्सर नसते, पण काही आठवड्यांत झपाट्याने वाढते. इथे वाट बघायची नाही, सरळ मोठ्या रुग्णालयात जायचं.

बघा, एका गाठीला लवकर काढायचं, दुसरीला खिडकी करायची, तिसरीला हात न लावता लक्ष ठेवायचं. बाहेरून सगळ्यांची सूज मात्र सारखीच दिसते. म्हणून गाठीचं नाव कळल्याशिवाय औषधही नको आणि सुरीही नको.

उशीर कुठे होतो

गावात गाल सुजला की ठरलेल्या गोष्टी होतात. कोणी म्हणतं गालफुगी आहे, कोणी म्हणतं दाढ येतेय. लेप लागतो, कुठे बिब्बा लावतात, कुठे डागही देतात. बिब्ब्याने कातडी भाजते आणि आतल्या हाडातल्या गाठीला काहीच होत नाही. उलट डॉक्टरला खरी सूज कोणती आणि भाजल्याची कोणती हेच कळेनासं होतं.

मग मेडिकलवरून पाच दिवसांच्या गोळ्या येतात. किडलेल्या दाढेचं गळू असेल तर त्याने तात्पुरती सूज उतरते. खरं सांगायचं तर मुलांच्या गालाच्या दहा सुजा पाहिल्या तर त्यात बहुतेक किडलेल्या दाताच्याच निघतील. म्हणून गावच्या डॉक्टरांनी आधी तो विचार केला तर त्यात गैर काही नाही. चूक होते ती दुसऱ्या वेळी. एकदा गोळ्यांचा डोस पूर्ण झाला, तरी सूज तशीच आहे किंवा महिनाभरात परत आली, तर तिसरा डोस देण्यात अर्थ नाही. तिथे फोटो काढायला पाठवायला हवं.

तिसरी गोष्ट जास्त धोक्याची. सूज आहे म्हणून एक्स-रे न काढताच हलणारी दाढ उपटायची. क्वचित कोणाच्या जबड्यात रक्तवाहिन्यांचं जाळं असलेली गाठ असते. तिथला दात उपटला तर रक्त थांबता थांबत नाही, जिवावर बेतू शकतं. आठवडी बाजारात बसून दात काढणाऱ्याकडे पोराला नेऊ नका, हे म्हणूनच सांगायचं.

आणि या सगळ्यात शेतीची कामं आहेतच. जून-जुलैत आवणी, मग निंदणी, नंतर द्राक्षबागांची मजुरी. रडणाऱ्या पोराला घेऊन माणूस रात्रीसुद्धा दवाखाना गाठतो. न रडणाऱ्या पोराचा गाल मात्र दिवाळीनंतर बघू, असं होतं. हे आळसाने होत नाही. एक दिवस नाशिकला गेला म्हणजे दोघांची मजुरी आणि गाडीभाडं गेलं, हा हिशेब असतो. पण दुसऱ्या बाजूचा हिशेबही मांडायला हवा. आज एक दिवस आणि एक फोटो, की दोन वर्षांनी मोठं ऑपरेशन, महिनाभराचा मुक्काम आणि पोराचं बुडालेलं वर्ष. शिवाय वाकड्या गालावरून वर्गातली मुलं चिडवतात, मग पोरगी आश्रमशाळेत परत जायला नको म्हणते. त्याचा तर हिशेबच होत नाही.

घरी काय बघायचं

यासाठी डॉक्टर असायची गरज नाही. पोराला उजेडात बसवा आणि बघा :

- दोन्ही गाल, दोन्ही बाजूंची हनुवटी सारखी आहे का?
- हाताला सूज हाडासारखी टणक लागते का? टणक, न दुखणारी आणि दोन-तीन आठवड्यांत न उतरलेली सूज म्हणजे तपासणी हवीच.
- एका बाजूचा पक्का दात येऊन सहा महिने झाले आणि दुसऱ्या बाजूचा तोच दात आलाच नाही, असं आहे का? समोरचे वरचे पक्के दात साधारण सात-आठ वर्षांपर्यंत येतात, वरचे सुळे अकरा-बाराव्या वर्षी.
- दुधाचा दात पडायचं वय उलटून गेलं तरी घट्ट उभा आहे का? किंवा चांगले, न किडलेले दात हलायला किंवा सरकायला लागलेत का?

महिन्यातून एकदा मोबाईलवर पोराच्या चेहऱ्याचा समोरून एक फोटो काढून ठेवा. शाळेत नाव घालताना काढलेल्या फोटोशी जुळवून बघा. रोज डोळ्यांसमोर असलेल्या चेहऱ्यात झालेला बदल आई-बापाला कळत नाही, फोटोत कळतो. डॉक्टरलाही त्या फोटोंवरून सूज किती वेगाने वाढली ते समजतं. मात्र फोटो ग्रुपवर टाकून औषध विचारू नका.

काही खुणा दिसल्या तर एक दिवसही थांबायचं नाही. सूज आठवड्या-आठवड्याला वाढतेय, खालचा ओठ बधिर झालाय, तोंड उघडत नाही, ताप हटत नाही, वजन उतरतंय, गिळायला किंवा श्वासाला त्रास होतोय. कॅन्सर किंवा मोठा पू यात लपलेला असू शकतो.

तपासणी कशी होते

पहिली पायरी ओपीजी. हा पूर्ण जबड्याचा एक्स-रे. मूल उभं राहतं, मशीन डोक्याभोवती एक फेरी मारतं, मिनिटभरही लागत नाही. सुई नाही, दुखणं नाही. खाजगीतही काहीशे रुपयांत होतो. वर आलेले, खाली दडलेले सगळे दात आणि हाडातली पोकळी एकाच चित्रात दिसते. गरज पडली तर सीटी स्कॅन करतात. काही गाठींत रक्तातलं कॅल्शियमही बघतात, कारण गळ्यातल्या ग्रंथींच्या बिघाडानेही जबड्यात तशीच गाठ दिसते.

पुढची पायरी बायोप्सी, म्हणजे गाठीचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं. इथे आपल्याकडे घोडं अडतं. तुकडा काढला की कॅन्सर पसरतो, असं बोललं जातं आणि लोक तिथूनच परत फिरतात. ही समजूत खोटी आहे. उलट तुकडा न तपासता मोठं ऑपरेशन केलं तर साध्या गाठीसाठी अर्धा जबडा जाऊ शकतो, नाहीतर हट्टी गाठ अर्धवट राहून परत उगवते. ओडोन्टोमासारखी एखादी गाठ फोटोतच ओळखू येते. तेव्हा ती काढतात आणि काढलेली गाठ मग तपासायला पाठवतात. पण तपासणी कागदावर आलीच पाहिजे. डॉक्टरांना दोन गोष्टी जरूर विचारा : ‘गाठीचं नाव काय?’ आणि ‘रिपोर्ट कुठाय?’ रिपोर्ट, फोटो, फिल्म सगळं एका पिशवीत घरी जपून ठेवा. पाच वर्षांनी पुन्हा तपासणीला गेलात की तीच पिशवी कामाला येते.

जायचं कुठे, पैशाचं काय

त्र्यंबकहून नाशिक तीसेक किलोमीटर. तिथे जिल्हा रुग्णालय आहे. पंचवटीत महात्मा गांधी विद्यामंदिराचं कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालय आहे. दंत महाविद्यालयात एक सोय असते. एक्स-रे काढणारे, लहान मुलांच्या दातांचे, जबड्याच्या ऑपरेशनचे आणि तुकडा तपासणारे असे सगळे विभाग एकाच आवारात मिळतात आणि खाजगीपेक्षा खर्च कमी येतो. त्यापुढे लागलंच तर मुंबईत शासकीय दंत महाविद्यालय, नायर दंत रुग्णालय आणि जे. जे. आहे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०२४ पासून राज्यातल्या सगळ्या रेशनकार्डवाल्यांना लागू झाली आहे. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार त्यात बसतात. पण योजना नोंदणी असलेल्या रुग्णालयातच आणि यादीतल्या उपचारांनाच चालते. म्हणून ऑपरेशनची तारीख घेण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा, नाहीतर १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या मोफत क्रमांकावर विचारा. रेशनकार्ड आणि मुलाचं आधारकार्ड सोबत ठेवा. नावाच्या स्पेलिंगचा घोळ असेल तर आधीच दुरुस्त करून घ्या, ऐनवेळी त्यानेच काम अडतं.

यंत्रणा आहे, तोंड उघडून बघायला हवं

शाळेतल्या मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या शेजारच्या पालघरमधूनच देशभर सुरू झाला. पालघरही आपल्यासारखाच आदिवासी भाग. या कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेतल्या मुलांची एकदा तपासणी करायची आहे. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची मुलं त्यात येतात. सापडलेल्या मुलाला पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवून मोफत उपचार मिळवून द्यायचे, असा नियम आहे. म्हणजे गाव ते जिल्हा अशी वाट कागदावर तयार आहे. नवीन योजना मागायची गरज नाही.

अडचण मधल्या टप्प्यात येते. एका दिवसात शंभर मुलं उरकायची असली की वजन, उंची, डोळे होतात आणि तोंडात बॅटरी मारून बघणं राहतं. पाहिलंच तर कीड बघतात. दोन्ही गाल समोरासमोर ठेवून बघणं, दात मोजणं याला प्रत्येक मुलामागे अर्धा मिनिट पुरतो. पथक शाळेत येईल त्या दिवशी शाळा व्यवस्थापन समितीचे दोन पालक हजर राहिले आणि ‘पोरांच्या तोंडात पण बघा’ एवढं म्हणाले तरी फरक पडेल. चिठ्ठी मिळाली तर तिच्यावर नुसतं ‘दातांचा त्रास’ असं नको. ‘जबड्याची सूज, ओपीजी करावा’ असं स्पष्ट लिहून घ्या. आश्रमशाळेत मुलं महिनोन्‌महिने घरापासून लांब असतात, तिथे हे काम अधीक्षक आणि वर्गशिक्षकांचं आहे. चिठ्ठी दिलेलं मूल खरंच नाशिकला पोचलं का, याची नोंदवही कोणीतरी ठेवायला हवी. चिठ्ठी खिशात राहिली की तपासणी फुकट गेली.

आता सिंहस्थाचं बघा. २०२७ च्या कुंभमेळ्यासाठी रस्ते, घाट, पार्किंग, दवाखाने यांची चर्चा रोज चालू आहे. भाविकांसाठी सोयी व्हायलाच हव्यात. पण साधू-भाविक महिन्या-दोन महिन्यांत परत जातील, हरसूल-ठाणापाडा पट्ट्यातली पोरं इथेच राहणार आहेत. म्हणून ग्रामसभेच्या ठरावात एक साधी ओळ घालता येईल : तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात ओपीजी एक्स-रेची सोय आणि आठवड्यातले ठरलेले दिवस दंतचिकित्सक. जबड्याची गाठ दुर्मीळ असली तरी मशीन पडून राहणार नाही. किडलेल्या दाढा, अपघातात मोडलेले जबडे, तंबाखूने बिघडलेली तोंडं तालुक्यात कमी नाहीत. त्याच मशीनवर हजारात एखादं पोरही वेळेत सापडेल.

मशीन येईल तेव्हा येईल. तोवर आज रात्री जेवताना पोरांना समोर बसवा आणि दोन्ही गाल नीट बघा. एक गाल मोठा वाटला, टणक लागला, आणि ‘दुखतंय का’ विचारल्यावर पोर ‘नाही’ म्हणालं, तर येत्या सोमवारी नाशिकची गाडी पकडा.